वाजवणाऱ्यालाही घर असते

"बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आपल्या बापजाद्यांनी गावकीचे वाजवणे टाकले, आणि तुम्ही तेच पुन्हा गळ्यात अडकवून गावोगाव हिंडता?" विहारात वंदना आटोपली, की कोणी ना कोणी जाणते माणूस आम्हाला हे विचारतेच. विचारणाऱ्याच्या मनात राग नसतो, काळजी असते. म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे, असे आम्हाला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. ते या कौटुंबिक पानावर मांडण्याचे कारण एवढेच, की हा प्रश्न जितका आमच्या धंद्याचा आहे तितकाच आमच्या घराचा आहे.

आम्ही चौघे वाजवणारे. शहादा तालुक्यातल्या एका बँडमध्ये गेली अनेक वर्षे एकत्र आहोत. एकाच्या गळ्यात ताशा, दुसऱ्याच्या गळ्यात साईड ड्रम, तिसऱ्याकडे मोठा ढोल, आणि चौथा गाडीवर उभा राहून ऑक्टोपॅड सांभाळतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत हेच चौघे गायन पार्टीबरोबर ढोलकी आणि ढोलक घेऊन बसतात. कीबोर्डवाला, बँजोवाला, गाणारे दोघे आणि गाडीचा ड्रायव्हर धरला तर नऊ-दहा माणसांचे आमचे बिऱ्हाड. तुळशीचे लग्न लागले की हे बिऱ्हाड हलते, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा, नवापूर. कधी हद्दीपलीकडे गुजरातेत निझर-कुकरमुंड्याकडे, तर कधी मध्य प्रदेशात पानसेमल-सेंधव्याकडे. पण होळीनंतरचे आमचे बहुतेक दिवस जातात ते धडगावच्या डोंगरात.

धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्याचे ठाणे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हा डोंगरी तालुका नव्या जिल्ह्यात आला. शहाद्याहून म्हसावद मागे पडले की सपाटी संपते आणि गाडी पहिल्या गिअरवर येते. तळोद्याकडून जायचे तर चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात आणि वाट बंद होते. आम्ही जातो ते उन्हाळ्यात. तेव्हा पाड्यापाड्यावर कैऱ्या सोलून, चिरून वाळत घातलेल्या असतात. खडकावर, अंगणात, छपरावर पांढऱ्या फोडी पसरलेल्या दिसतात. त्या वाळल्या की आमचूर होते आणि व्यापारी ते विकत नेतात. लग्नाचा हंगाम आणि आमचुराचा हंगाम एकच. रात्री वाजवून सकाळी झाडाखाली आडवे झालो, की आंबट वास नाकात भरतो आणि बायाबापड्यांचे कैऱ्या चिरण्याचे आवाज ऐकू येतात. रात्रभर नाचलेले घरही सकाळी कामाला लागलेले असते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पूर्वजांनी नेमके काय टाकले? महार वतनातली कामे गावागणिक थोडी वेगळी असत. वेसकरकी, निरोप पोचवणे, सरकारी माणसांचे सामान वाहणे, मेलेले ढोर ओढणे. आणि काही भागांत जत्रेत, पालखीपुढे वाजवणे. हलगी आणि सनई बऱ्याच ठिकाणी आपल्या मातंग बांधवांच्या वाट्याला आली. या सर्व कामांत एक गोष्ट सारखी होती. काम करायचे की नाही, हे करणाऱ्याच्या हाती नव्हते. दर ठरवणे त्याच्या हाती नव्हते. घरात मूल तापाने फणफणले असले तरी पाटलाचा सांगावा आला की उठायचे. मोबदला म्हणून बलुते, आणि तेही देणाऱ्याची मर्जी असेल तेवढे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते या बांधिलकीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने रद्द झाली. आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली तेव्हा गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातले, पाणी तोडले, मजुरी बंद केली. एवढे सोसून त्यांनी जे टाकले ते लाकूड आणि कातडे नव्हते. टाकली ती सक्ती.

याचा पुरावा आपल्या चळवळीतच आहे. तीसच्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्या जलशांत ढोलकी होती. ज्या हातांनी गावदेवीपुढे वाजवायचे नाकारले होते, त्याच हातांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत पोचवला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव हिंडले आणि गात राहिले. त्यांच्या मागे बसून ढोलकी वाजवणाऱ्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांचे ठेके आपल्या सगळ्यांच्या कानांत आहेत. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्याला हात लावण्यात कमीपणा आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

आमच्या खानदेशाची एक आठवण इथे सांगितली पाहिजे. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यातून नेणे तिथल्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला सराईत माणूस मिळाला नाही. महारवाड्यातला नवखा माणूस लगाम धरून बसला, वाटेत घोडा उधळला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १९३७ साली ते न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी तिथे ३१ जुलैला लोक जमतात, गायन पार्ट्या येतात, आम्हीही जातो. आमच्या गाडीचा ड्रायव्हर आपल्या समाजाचा नाही. घाटात तो आमचा जीव सांभाळतो आणि आमच्या डब्यातली भाकरी खातो. चाळीसगावच्या टांग्यापासून इथवर आपण आलो आहोत, ही गोष्ट लहान नाही.

पण गाडीतून उतरल्यावर काय होते, हेही सांगितले पाहिजे. सपाटीवरच्या काही गावांत आजही बँडवाल्यांना मांडवाच्या मागे बसवतात. पंगत उठल्यावर उरलेले पातेले तिकडे येते. कोणी जात विचारत नाही, पण बसायची जागा दाखवण्यातूनच विचारायचे ते विचारून होते. पाणी मागितले तर जग देत नाहीत, वरून ओंजळीत ओततात. सगळीकडे असे होते, असे नाही. पुष्कळ घरांनी आम्हाला नवरदेवाच्या भावांशेजारी बसवून जेवू घातले आहे. मात्र नव्या गावात गाडी शिरली, की आमच्यातला प्रत्येक जण आधी हेच बघतो, की आपली जागा कुठे आहे.

धडगावकडे हे बघावे लागत नाही, आणि त्याचे कारण समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो. पाड्यापाड्यांवरचे पावरा आणि भिल्ल बांधव आपापले ढोल घेऊन उतरतात. हे ढोल आमच्या बँडच्या ढोलासारखे नव्हेत. दोन्ही अंगांना कातडे असलेले, कमरेएवढ्या घेराचे, एकट्याने उचलायचे म्हटले तर पाठ धरावी असे. बरोबर थाळी, बासरी, मांदल. होळीत नवस घेतलेले बावा आणि बुध्या अंगावर पांढरे ठिपके काढून, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात. त्याआधी काही दिवस ते पालनी पाळतात, जमिनीवर झोपतात, कडक नियमाने राहतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला तर आसपासच्या राज्यांतूनही लोक येतात, आणि ती होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते.

एका पाड्यावरच्या लग्नात रात्री आमचे जनरेटर बंद पडले. कीबोर्ड मुका, ऑक्टोपॅड मुका. लगेच गावचा ढोल पुढे आला आणि नाच एक क्षणही थांबला नाही. ढोल वाजवणारे बाबा म्हातारे होते. थोड्या वेळाने त्यांनी पट्टा काढून ढोल आमच्यातल्या एकाच्या गळ्यात घातला आणि स्वतः नाचणाऱ्यांच्या फेरात शिरले. मग दम खायला आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुमच्याकडे गावात ढोल कोणाचा असतो?" आम्ही म्हणालो, "बाबा, आमच्याकडे ज्या जातीवर वाजवणे लादले होते, तिचा असायचा." त्यांना ते नीट कळले नाही. आम्ही पुन्हा समजावले. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्या वाजवणाऱ्याला नाचायचं असलं तर?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. शेकडो वर्षे आपल्या लोकांनी दुसऱ्यांच्या नाचासाठी वाजवले. वाजवणाऱ्याला नाचायचे असेल, दमला असेल, भूक लागली असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. त्या बाबांच्या गावात ढोल गावाचा असतो. ज्याचे हात भरून येतील त्याने तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. वाजवणारा आणि नाचणारा ही दोन वेगळी माणसे नाहीत. आपल्याला वाद्याची जी लाज वाटते ती वाद्यात नाही, जातीने आपल्यात आणि वाद्यात जे नाते लावून दिले त्यात आहे. हे ग्रंथ वाचून समजले असते, तरी इतके पटले नसते.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला जड जाते, पण ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. आमच्यात पूर्वी पाचवा होता. त्याच्यासारखा ताशा आमच्या भागात कोणाचा नव्हता. दोन वेताच्या काड्या, पण ऐकणाऱ्याला चार हात वाजवताहेत असे वाटे. चाळिशीही न गाठता तो गेला. लिव्हर खराब झाले होते. मागे बायको आणि दोन मुले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिक्खूंचे प्रवचन झाले, माणसे पांगली, आणि ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, लोक म्हणतात यांनी घर पिऊन टाकलं. पण घरातला एक पैसा यांनी दारूवर घातला नाही. जिथे वाजवायला गेले तिथे लोकांनीच पाजली."

हे अगदी खरे होते. वाजवणाऱ्याला दारू विकत घ्यावी लागत नाही, ती चालत येते. वरात रंगली की नवरदेवाचा मित्र खुशीने ग्लास पुढे करतो. नाही म्हटले तर त्याचा अपमान होतो. थोडे पुढे गेले की दुसरा येतो. काही ठिकाणी सुपारी ठरवतानाच रोख थोडी कमी करून "वर बाटली" असा व्यवहार होतो. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. तरी तिकडच्या वरातीतही बाटली कुठून तरी निघतेच. शिवाय हे कामच असे, की अंग मोडून येते. मोठ्या ढोलाचा पट्टा खांद्यात रुततो. ताशा वाजवून बोटांची पेरे सुजतात, चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वाजवावे लागते. रोज आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानावर पडत राहिला तर ऐकू येणे कमी होते, असे डॉक्टर सांगतात. आमच्या गाडीवरच्या भोंग्यांचा आवाज त्याहून कितीतरी जास्त. आमच्यापैकी दोघांना आता घरात हाक मारलेली ऐकू येत नाही. रात्री दोनला वाजवणे थांबले तरी कानात ठेका चालूच राहतो, झोप येत नाही. मग एक घोट झोपेसाठी, एक थंडीसाठी, एक दुखण्यासाठी. असे करत करत माणूस जातो.

पंचशीलातले पाचवे शील आपण सगळे म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी जनसमुदायाकडून ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि तरी आपल्याच समाजातल्या लग्नांत आम्ही काय पाहतो? दुपारी पांढऱ्या वस्त्रांत वधू-वर बुद्धमूर्तीपुढे उभे असतात, त्रिशरण-पंचशील होते, सगळा मांडव हात जोडून पाचवे शील म्हणतो. दिवस मावळतो, आणि त्याच मांडवातले तरुण वरातीत डोलत आमच्यापुढे येतात. ज्या गाण्यावर ते डोलतात ते बाबासाहेबांचे असते. गाण्यात नाव बाबासाहेबांचे, नाचणाऱ्याच्या हातात बाटली, आणि ठेका आमचा. त्या वेळी काडी हातात जड होते. ही टीका म्हणून लिहीत नाही. आम्ही वरातीच्या सर्वांत पुढे असतो, म्हणून आम्हाला ते सर्वांत आधी दिसते, एवढेच.

कोणी म्हणेल, डोंगरातल्या आदिवासींतही दारू आहेच. आहे. मोहाची दारू त्यांच्या पूजेत आहे, रीतिरिवाजात आहे, आणि त्यावर निवाडा देणारे आम्ही कोण? पण याच मातीत दारू सोडण्याच्या मोठ्या चळवळीही झाल्या, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी आप धर्माची शिकवण दिली. हजारो आदिवासी आरतीला जमत आणि दारू सोडल्याची शपथ घेत. एकमेकांना 'आप' म्हणायचे, म्हणजे मान द्यायचा, हीही त्यांचीच शिकवण. पुढे १९७२ च्या आसपास शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असताना आदिवासी स्त्रिया पुढे झाल्या, गुत्त्यांवर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. जमीन परत मिळाली, पण नवऱ्याच्या मजुरीचे पैसे गुत्त्यावर गेले, तर घरात काय आले, हा त्यांचा सवाल होता. आमच्या आयांनी तो काळ पाहिला आहे. त्या सांगतात, मोर्चाच्या पुढे ढोल असायचा.

आमच्या घरातही सवाल बायकांनीच केला. ताशेवाला गेला त्या पावसाळ्यात धंदा बंद होता. आमच्यातले कोणी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, कोणी पपई भरायच्या ट्रकवर मजुरीला जात होते. एका संध्याकाळी चौघांच्या चारही कारभारणी एकत्र आल्या आणि आम्हाला समोर बसवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही सहा-सात महिने बाहेर असता. पोरांची शाळा, सासूचे आजारपण, रेशन, पाणी, सगळे आम्ही निभावतो. त्याची तक्रार नाही. पण तुम्ही घरी याल, आणि धडधाकट याल, एवढे तरी आम्हाला पक्के माहीत असले पाहिजे. वाजवणे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तुमच्या अटीवर वाजवा.

"तुमच्या अटीवर वाजवा" हा शब्द आम्हाला लागला. गावकी आणि धंदा यांत फरक तो एवढाच. अट घालता आली तर तो धंदा, आणि घालता आली नाही तर ती गावकीच, मग पैसे रोख का मिळेनात. आम्ही चौघांनी बसून तीन अटी ठरवल्या. पहिली, ठरलेली रक्कम पूर्ण रोख. बाटली नाही, ती कोणी पुढे करायची नाही आणि आम्ही घ्यायची नाही. दुसरी, जेवण पंगतीत, आणि वाजवायच्या आधी किंवा मध्ये, सर्वांत शेवटी नव्हे. तिसरी, रात्री दहाला भोंगे बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहेच. सरकारने खास सूट दिलेले दिवस तेवढे वेगळे. म्हणजे आम्ही कायद्यापेक्षा जास्त काही मागत नव्हतो.

बँडचे मालक आधी हसले. म्हणाले, "अशाने सुपाऱ्या जातील." त्या गेल्याही. पहिल्या हंगामात काही जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या बँडकडे वळली. एका गावात वरात अडवून आम्हाला शिवीगाळ झाली, "लई शहाणे झाले" म्हणाले. आम्ही वाद्ये गाडीत ठेवली आणि शांतपणे उभे राहिलो. त्याच गावच्या दोन म्हाताऱ्या बायांनी पुढे होऊन आपल्या पोरांना आवरले. दुसऱ्या हंगामात उलट घडू लागले. मुलीकडची मंडळी आम्हाला मागू लागली, कारण बँड शुद्धीवर असला की वरात वेळेवर मांडवात पोचते, भांडणे कमी होतात. ते पाहून मालकांनीच आमच्या अटी पावतीवर छापून घेतल्या. आमच्या वाजवण्यातही फरक पडला. पूर्वी रात्र चढली की लय धावत सुटायची आणि ते आमच्या ध्यानातही येत नसे. आता शेवटचा ठेका पहिल्यासारखाच बसतो.

धडगावकडे आमच्या अटीवरून एकदाही भांडण झाले नाही. पाड्यावरच्या घरधन्याला आम्ही आधीच सांगतो, "बाबा, आम्ही बुद्धाचे, आम्ही घेत नाही." तो मान डोलावतो आणि ताक किंवा काळा चहा आणून देतो. त्याला आम्ही काही शिकवायला जात नाही. पाली वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो आधी वीणा वाजवत असे. पुढे साधनेचा अतिरेक करून तो खचला, तेव्हा तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा बोलते का? फार सैल सोडली तर बोलते का? आमच्या हातातले चामडे रोज हेच सांगते. सातपुड्यात पहाटे दव पडले की ढोल पडतो, आवाज बसतो. मग शेकोटीजवळ धरून तो तापवावा लागतो. पण जास्त तापला तर पान फुटते. नियम स्वतःसाठी कडक ठेवावा आणि दुसऱ्याशी बोलताना आवाज मऊ ठेवावा, हे आम्हाला त्यातूनच उमगले.

मुलांनी हा धंदा करावा का, असेही आम्हाला विचारतात. आमची मुले शाळेत आहेत, एक आयटीआयला आहे. शिक्षण आधी, यात दुमत नाही. हंगामात मुलाला शाळा चुकवून गाडीवर चढवायचे नाही, हे चौघांनी ठरवले आहे. पण आमच्यातल्या एकाच्या मुलीला ढोलकीचा नाद लागला. महिला मंडळाच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात ती वाजवते. तिला कोणी सांगितले नाही, कोणी अडवलेही नाही. परवा जयंतीला मध्येच तिने ढोलकी मैत्रिणीच्या मांडीवर ठेवली आणि उठून नाचायला गेली. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्हाला पाड्यावरचे ते बाबा आठवले.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या हंगामात तुमच्याही घरी लग्न असेल, जयंतीची मिरवणूक असेल, आणि वाजवायला कोणी तरी येईल. ते आपल्या समाजाचे असतील, मातंग बांधव असतील, आदिवासी असतील, मुसलमान असतील. त्यांना आल्याबरोबर पाणी द्या. पंगतीत तुमच्या शेजारी बसवा. ठरलेले पैसे दहा जणांदेखत हातात द्या. ओवाळून जमिनीवर नोटा फेकू नका, त्या उचलायला वाकावे लागते. दहा वाजले की "आता पुरे" असे तुम्हीच म्हणा. आणि खुशीच्या भरात कोणी त्यांच्यापुढे ग्लास धरला तर घरातल्या मोठ्या माणसाने तो हात मागे घ्यावा. ते माणूस सकाळी कोणाच्या तरी दारात परत पोचायचे असते, आणि त्या दारात कोणी तरी त्याची वाट पाहत असते.

जयभीम!